द्वारकाबाईंनी धरलेला कठडा

कोकणात, समुद्रापासून तीन कोस आत, कडवेली नावाचे गाव डोंगराच्या उतारावर वसलेले आहे. गावात सपाट जागा म्हणाल तर लक्ष्मीकेशवाच्या देवळापुढचे अंगण तेवढे. बाकी सगळ्या पायऱ्याच. विहिरीला जायचे तर पायऱ्या उतरा, शेजाऱ्याकडे ताक मागायला जायचे तर पायऱ्या चढा. जांभ्या दगडाच्या या पायऱ्यांवर श्रावणात असे शेवाळ धरते की तरणेताठे गडीसुद्धा पाय जपून टाकतात. अशा या कडवेलीत श्री पडवीमहाराज एका श्रावणात येऊन राहिले, त्या वेळची ही गोष्ट आहे.

महाराजांचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते. कमरेला पंचा, खांद्यावर घोंगडी आणि काखेत टाळांची जोडी, एवढाच त्यांचा संसार. गावात आले की ते देवळात उतरत नसत, की श्रीमंताच्या ओटीवर बसत नसत. ज्या घरात म्हातारे माणूस एकटे असेल, त्या घराच्या पडवीत त्यांचा मुक्काम. म्हणून लोकांनी त्यांना पडवीमहाराज हे नाव दिले. मठ बांधून देतो म्हणणारे भक्त पुष्कळ भेटले. महाराज हसून म्हणत, “मठात बसलो तर मी म्हातारा होईन रे बाबा.”

कडवेलीत ते येसूआजीच्या पडवीत उतरले. येसूआजीचा मुलगा गलबतावर खलाशी होता, वर्षातून दोनदा घरी यायचा. आजीचे गुडघे गेलेले, नजर अंधुक. तिसऱ्या दिवशी महाराजांनी तिला न्हाणीतून बाहेर येताना पाहिले. एक हात भिंतीवर, एक हात हवेत, तोंडाने नाव केशवाचे.

महाराजांनी विचारले, “आई, न्हाणीत कशाला धरून चालतेस गं?”

“देवाला धरते. दुसरं आहे काय?”

“देव धरायला बरा आहे,” महाराज म्हणाले. “पण भिंतीला एखादा दांडा असता तर देवाला जरा टेकायला मिळालं असतं. गावात सुतार आहे का कोणी?”

सुतार होता, आणि साधासुधा नव्हता. धाकू मेस्त्रीच्या हातचे कोरीवकाम पाहायला चार गावची माणसे यायची. लक्ष्मीकेशवाच्या नव्या सभामंडपाच्या तुळईवर त्याने मोरांची रांग कोरायला घेतली होती. बोलायला मात्र धाकू अगदी गरीब. चार माणसांत उभा राहिला की मान खाली आणि अंगठ्याने जमीन उकरायचा. निरोप मिळताच तो आला, महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि तसाच बसून राहिला.

“काय हवंय तुला?” महाराजांनी विचारले.

“मंत्र द्या, महाराज. मन लागत नाही कशात.”

“का लागत नाही?”

धाकू अंगठ्याने जमीन उकरू लागला. मग हळूहळू त्याच्या तोंडून बाहेर पडले. तीन वर्षांमागे त्याची आई न्हाणीत घसरून पडली. मांडीचे हाड मोडले, चार महिने अंथरुणावर काढले आणि गेली. ती पडली तेव्हा धाकू देवळात खांबावर वेल कोरत होता. “दुसऱ्याच्या घरच्या दारांना मी वेलबुट्टी करत हिंडलो, महाराज. माझ्या आईच्या न्हाणीत एक खुंटी ठोकायचं मला सुचलं नाही. जागोजागी लाकूड पडलं होतं घरात. ढलप्यांत वाढलो मी.”

महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग म्हणाले, “मंत्र देतो. नीट ऐक. ज्या घरी म्हातारं माणूस आहे, त्या घरी जायचं. ते कुठं अडखळतं, कुठं बसताना कण्हतं, ते बघायचं. तिथं धरायला काहीतरी करून द्यायचं. एक दांडा बसला की एक माळ झाली समज.”

“आणि जप कुठला करू?”

“ठोकताना आवाज होईलच की,” महाराज म्हणाले, आणि येसूआजी पदर तोंडाला लावून हसली.

दुसऱ्या दिवसापासून धाकू कामाला लागला. येसूआजीच्या न्हाणीत शिवणीच्या लाकडाचा दांडा बसला. मग कुंभारवाड्यातल्या म्हाताऱ्या बाळूच्या खाटेशी एक आडवी पट्टी आली, तिला धरून तो आपला आपण उठून बसू लागला. कोणाचा उंच उंबरठा तासून सखल केला, कोणाच्या परसातल्या पायऱ्यांना कठडा लावला. दांडा किती जाड हवा हे धाकू कोणाला विचारत नसे. तो आपले मनगट पुढे करी आणि म्हणे, “आजी, धरा घट्ट.” कोणाची मूठ केवढी मिटते, कुठले बोट वाकत नाही, कोणाच्या हातात जोर किती, हे त्याच्या कातडीला कळे आणि तो त्या मापाने लाकूड तासायला बसे. सकाळ अशी जाई आणि दुपारी तो मोर कोरायला देवळात येई. गावातली म्हातारी माणसे, जी चातुर्मासात खाट सोडत नसत, ती हळूहळू अंगणात दिसू लागली. बाळू कुंभार तर सात महिन्यांनी शेजाऱ्याशी भांडायला कुंपणापर्यंत गेला, आणि त्याच्या सुनेने त्या आनंदात गूळ वाटला.

सगळ्यांना आनंद झाला, पण गावचे खोत विसाजीपंत यांना राग आला. सभामंडपाचे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले होते. श्रावणातला नामसप्ताह संपायच्या आत मोरांची रांग पुरी व्हावी, शेजारच्या गावच्या लोकांनी तोंडात बोट घालावे, अशी त्यांची इच्छा. एके दुपारी त्यांनी धाकूला चारचौघांत गाठले.

“काय रे धाकू, मोर कोरणारा हात हल्ली न्हाणीत दांडे ठोकतो म्हणे?”

धाकू मान खाली घालून उभा राहिला.

“आणि तुझे ते महाराज. आजवर संत झाले ते भवसागरातून तारत होते. हे न्हाणीतून तारतात.”

बरोबरची मंडळी मोठ्याने हसली. धाकूचे कान तापले. संध्याकाळी त्याने हे महाराजांच्या कानावर घातले, तेव्हा महाराज खोतांच्या मंडळींपेक्षाही मोठ्याने हसले. “खरं बोलला खोत. न्हाणी आधी येते, भवसागर मागाहून. इथंच पाय मोडला तर तिथवर जायचं कसं?”

आता या खोतांच्या घरी त्यांची आई होती. द्वारकाबाई. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जिभेला धार अजून विशीतली. मागच्या पावसाळ्यात त्यांचा पाय एकदा मागच्या दारी अडखळला होता. पडल्या नव्हत्या, नुसत्या अडखळल्या होत्या. विसाजीपंतांच्या काळजात धस्स झाले आणि त्यांनी त्याच दिवशी फर्मान काढले की आईने माजघरातून हलायचे नाही. पाणी हातात, जेवण हातात, दिमतीला भिकी नावाची मोलकरीण. खोतांचे आईवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? फार होते. पण ते बाहेरून कडी लावणारे प्रेम होते. परसात सात पायऱ्या खाली तुळशीवृंदावन. सासरी आल्यापासून पासष्ट वर्षे द्वारकाबाईंनी त्या तुळशीला पाणी घातले होते. गेले वर्षभर ते भिकी घालत होती.

बाळू कुंभार कुंपणापर्यंत चालत गेल्याची बातमी भिकीने माजघरात पोचवली, आणि द्वारकाबाईंनी धाकूला बोलावणे धाडले.

“मेस्त्री, मला मागच्या पायऱ्यांना कठडा करून दे,” त्या म्हणाल्या.

“बाई, खोतसाहेबांना विचारायला हवं.”

“विशूला मी चालायला शिकवलं. त्याला काय विचारायचं? तू माप घे.”

धाकूने मनगट पुढे केले. द्वारकाबाईंनी धरले. लहानपणी उजव्या हाताची करंगळी जात्यात सापडली होती, ती मिटत नसे. तीन बोटे आणि अंगठा घट्ट बसले आणि करंगळी बाजूला ताठ उभी राहिली. धाकूने ते मनाशी टिपले. दोन दिवस खपून त्याने शिवणीचा गुळगुळीत कठडा केला, खोत देवळात असताना आणून सातही पायऱ्यांच्या कडेने बसवला आणि द्वारकाबाईंना हाताने चाचपून दाखवला. “उद्या उतरेन,” त्या म्हणाल्या. “आज एकादशी, पोटात काही नाही.”

पण संध्याकाळी विसाजीपंत परसात गेले आणि त्यांना कठडा दिसला. त्यांनी गड्यांना हाक मारली आणि धाकूलाही बोलावून घेतले.

“हे कोणी लावलं?”

“मी, साहेब.”

“माझ्या घरात सहा माणसं राबतात. माझ्या आईला दांडा धरून चालायची वेळ आली, असं गावाला दाखवायचंय तुला?” आणि ते गड्यांना म्हणाले, “उपटा.”

धाकूच्या डोळ्यांदेखत कठडा उपटला गेला. जांभ्यातून खुंट निघताना कर्र कर्र आवाज झाला. खोतांनी तो बंबाच्या लाकडांत टाकायला सांगितला. माजघरात द्वारकाबाईंचा डोळा लागला होता, त्यांना यातले काही कळले नाही, आणि सांगायची हिंमत भिकीला झाली नाही.

धाकू येसूआजीच्या पडवीत येऊन खांबाला टेकून बसला. “मला माझं काही नाही, महाराज. पण त्या बाई उद्या उतरणार आहेत. त्यांना दिसत नाही नीट. कठडा आहे असं समजून हात टाकतील. मी जाऊन त्यांना सांगतो.”

“खोत तुला आत सोडेल?”

“नाही सोडणार.”

“मग उद्या सकाळी देवळात ये. सप्ताहाची समाप्ती आहे, भजनाला बस. खोताच्या पायऱ्यांचं मी बघतो.”

महाराजांनी सांगितले म्हणून धाकू गेला, पण त्याचे चित्त कुठेच लागेना. सकाळी श्रावणाची एक सर येऊन गेली होती आणि ऊन पडले होते. सारा गाव देवळात जमला होता. विसाजीपंत पुढे लोडाशी बसले होते. त्यांच्या घरचे गडीसुद्धा प्रसादाच्या तयारीला देवळातच होते. धाकू मागच्या खांबाशी बसला. महाराज मधोमध उभे राहून टाळ वाजवीत होते आणि भजन रंगात आले होते.

एकाएकी महाराजांचे टाळ थांबले. त्यांनी ते खाली ठेवले, उजव्या हाताने शेजारचा खांब कवटाळला आणि डावा हात कमरेच्या उंचीवर आडवा धरला. पुढच्याच क्षणी त्यांच्या अंगाला असा हिसका बसला, जणू त्या हाताला कोणी लोंबकळले आहे. गळ्याच्या शिरा ताठल्या. कपाळावर घाम आला.

“धर घट्ट,” महाराज म्हणाले. “घाबरू नको आई. आहे मी. आता डावा पाय आधी टाक. दमानं.”

मृदंग थांबला. लोक एकमेकांकडे बघू लागले. महाराजांनी खांब सोडला आणि डावा हात तसाच आडवा धरून, एकेका पावलाला थांबत, ते पुढे चालले. एक, दोन, तीन, चार. सुताराला मोजायची सवयच असते. धाकू मोजत होता. चार पावले झाल्यावर महाराज वळले आणि मंडपाच्या मधोमध हळूहळू एक पूर्ण फेरी घातली. मग दुसरी, मग तिसरी. हात तसाच.

विसाजीपंत शेजाऱ्याकडे झुकून म्हणाले, “महाराजांना कोणी अदृश्य म्हातारी भेटलेली दिसते. तिलाही दांडा हवा असेल.” पुढच्या रांगेत खसखस पिकली.

महाराजांचे तिकडे लक्षच नव्हते. फेऱ्या संपवून ते परत खांबाकडे निघाले. धाकूने पुन्हा मोजले. एक, दोन, तीन करत सात. सातव्या पावलाला महाराज थांबले, मोठा श्वास सोडला आणि खाली बसून म्हणाले, “पाणी द्या रे कोणीतरी. म्हातारी हाडापेराने मजबूत आहे.”

खोतांच्या मागच्या दारी पायऱ्या सात. धाकूच्या अंगावर काटा आला. तो गर्दीतून वाट काढत पुढे गेला आणि पाण्याचा गडू महाराजांपुढे धरला. महाराजांनी डावा हात पुढे केला. मनगटावर लालभडक वळ उठले होते. अंगठा, तीन बोटे, आणि बाजूला जरा अंतर सोडून ताठ करंगळीचा एक निसटता वळ. ते माप धाकूने स्वतःच्या मनगटावर घेतले होते. 

एवढ्यात भिकी धापा टाकत देवळाच्या पायऱ्या चढून आली. “साहेब, घरी चला. मी विहिरीवर गेले होते. येऊन बघते तर बाई मागच्या दारी एकट्या. लुगडं भिजलंय, पाय चिखलानं भरलेत.”

विसाजीपंतांच्या तोंडचे पाणी पळाले. पायांत काही न घालता ते धावत सुटले आणि त्यांच्यामागे निम्मा गाव. धाकूही धावला. परसात पाहतात तो द्वारकाबाई वरच्या पायरीवर ऐसपैस बसलेल्या, हातात तुळशीची मंजिरी आणि तोंडावर लहान मुलीचे हसू.

“आई, पडलीस? कुठं लागलं? मी म्हटलं होतं ना—”

“पडते कशी? तिसऱ्या पायरीवर पाय सटकला खरा. अंग गेलंच होतं. पण कठड्याला धरलं. तशीच खाली गेले, पाणी घातलं, तीन प्रदक्षिणा घातल्या, वर आले.”

“कुठल्या कठड्याला?”

“धाकूच्या. दुसऱ्या कोणाच्या?” द्वारकाबाईंनी गर्दीच्या रोखाने मान वळवली. “मेस्त्री आलाय का रे? लाकूड कुठलं वापरलंस? असं ऊबदार लाकूड मी जन्मात धरलं नव्हतं. आणि तुळशीभोवतीपण लावशील असं बोलला नव्हतास. चांगलं केलंस.”

विसाजीपंतांनी पायऱ्यांकडे पाहिले. कठडा जिथे रोवला होता तिथे रिकामी भोके होती आणि त्यांत सकाळच्या सरीचे पाणी साचले होते. तिसऱ्या पायरीच्या शेवाळावर पाय घसरल्याचा लांब ओरखडा स्पष्ट उमटला होता. तुळशीभोवतीच्या चिखलात पावले होती, ती एकट्या द्वारकाबाईंची. खोतांनी वाकून एका भोकात बोट घालून पाहिले, जणू डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

“आई, कठडा मी काल उपटून टाकला,” ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नसेल.

“उपटलास? मग ‘दमानं आई, डावा पाय आधी’ असं म्हणालं कोण? मला वाटलं, कान वाजतायत, म्हणून मी लक्ष दिलं नाही.”

ते शब्द ऐकले मात्र, आणि देवळातून आलेल्या साऱ्या मंडळींनी माना खाली घातल्या. धाकू पुढे झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खोतांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितले, “साहेब, महाराजांचं मनगट बघून या.”

विसाजीपंत देवळात आले तेव्हा महाराज खांबाला टेकून प्रसादाचा शिरा खात होते. खोतांनी त्यांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. वळ आता निळे पडू लागले होते. त्या बाजूला राहिलेल्या करंगळीला ते ओळखत होते. लहानपणी तोच हात धरून ते अंगणात पहिली पावले टाकायला शिकले होते. ज्या गावाला आपली शान दाखवायची होती, त्या गावासमोर विसाजीपंत खोत लहान मुलासारखे रडले आणि महाराजांच्या पायांवर आडवे झाले.

“मी आईचा आधार उपटला, महाराज. तुमची थट्टा केली. मला क्षमा करा.”

“क्षमा राहू दे. आधी या मनगटाला तेल लाव,” महाराज म्हणाले. “ठणकतंय फार.” मग त्यांनी खोतांना उठवून जवळ बसवले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुझी आई पडेल म्हणून तू भितोस, ते बरोबर आहे. भ्यायलाच हवं. पण भीती वाटली की माणसाला बसवून ठेवू नये, धरायला काही द्यावं. तिची तुळस तिच्यापासून काढून घेतलीस, तर जपण्यासारखं तिच्यात राहील काय? आणि दुसरं असं, मला मनगटं दोनच आहेत. कडवेलीत म्हातारी माणसं किती?”

“मोजावी लागतील, महाराज.”

“धाकूनं मोजलीत. त्याला विचार.”

विसाजीपंत वळले. धाकू नेहमीसारखा मान खाली घालून उभा होता. खोतांनी साऱ्या गावादेखत त्याच्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, “मेस्त्री, मोर राहू देत. तू सांगशील तिथे लाकूड पोचवायला मी येतो.”

धाकू म्हणाला, “बत्तीस घरं राहिलीत, साहेब. पण आधी तुमच्या पायऱ्या करू.”

त्याच दुपारी काम सुरू झाले. बंबाशी पडलेला कठडा शाबूत होता. विसाजीपंतांनी तो स्वतःच्या खांद्यावर आणला आणि धाकू सांगेल तसा धरून उभे राहिले. धाकूने या वेळी तुळशीभोवतीही दांडा फिरवला. काम पुरे झाल्यावर द्वारकाबाईंना हाक मारली. त्या आल्या. आज खोत त्यांच्यापुढे नव्हते, आडवेही नव्हते. दोन पायऱ्या मागे राहून चालत होते, हात तयार ठेवून, पण न लावता. द्वारकाबाई सात पायऱ्या उतरल्या, तुळशीला फेरी घातली, सात पायऱ्या चढल्या. वर येऊन त्यांनी कठड्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला.

“कसा झालाय, बाई?” धाकूने विचारले.

“बरा आहे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पण सकाळचा जास्त चांगला होता.”

धाकूला हसू आवरेना. विसाजीपंतही हसले, हसता हसता त्यांचे डोळे पुन्हा भरून आले, आणि पलीकडच्या उतारावर येसूआजीची पडवी दिसत होती तिकडे तोंड करून त्यांनी त्या कठड्यावर आपले मस्तक टेकले.